केझायाबाईच्या खिडक्या

देशाचा विजय झाला की आमच्या घरी मटण शिजतं. त्यात देशप्रेमाचा काही भाग नाही. मी बार्नबी गेज, इंग्लंडच्या नॉरफोकातल्या ऑल्डरबी गावात खिडक्यांना काचा बसवतो. विजयाची बातमी आली की संध्याकाळी घरोघरी खिडक्यांत मेणबत्त्या लावायच्या आणि ज्याच्या खिडकीत अंधार असेल त्याच्या काचा दगड मारून फोडायच्या, ही आमच्याकडे आनंद करायची रीत. शत्रूची जहाजं बुडतात तिकडे समुद्रात, आणि काचा फुटतात ऑल्डरबीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुट्टी मळायला बसतो.

या फुटक्या काचांपैकी निम्म्या एकाच बाईच्या असायच्या. केझाया थर्टल. नवरा नेथन घड्याळं बनवायचा. तो गेल्यावर दुकान हिने चालवलं. दोघंही क्वेकर पंथाचे. क्वेकरांची देवावर इतकी श्रद्धा, की त्याच्याशी बोलायचीसुद्धा त्यांना गरज वाटत नाही. रविवारी सगळे एका साध्या खोलीत जमतात आणि तोंड मिटून बसतात. याला ते बैठक म्हणतात. माझी बायको डॉर्कस एकदा कुतूहल म्हणून गेली होती. परत आली आणि दिवसभर बोलतच राहिली, राहिलेलं सगळं भरून काढल्यासारखी.

केझायाबाई करडा झगा घालायची आणि सगळ्यांना अरे-तुरे करायची. मला केलं तर ठीक आहे, पण ती जमीनदार हॅव्हरगेटसाहेबांनाही म्हणायची, "रॉजर, तुझं घड्याळ मागे पडतंय, कारण तू किल्ली द्यायला विसरतोस." माणसामाणसात उच्चनीच नाही म्हणून सगळ्यांना एकच 'तू', असा त्यांचा नेम. साहेबांचा चेहरा मुळ्यासारखा पांढरा पडायचा, पण घड्याळ ते तिच्याकडेच आणायचे. कारण बाई खोटं बोलत नसे. गिऱ्हाईक दुकानात आलं की स्वतःच सांगणार, "हे घेऊ नकोस, याचं चाक झिजलंय." असा धंदा करणारी बाई उपाशी कशी मरत नाही याचं मला कोडं होतं.

आणि युद्ध म्हणजे पाप, मग ते कुणीही जिंको, हाही त्यांचा नेमच. त्यामुळे विजयाची मेणबत्ती नाही. बरं, घड्याळाच्या कामाला उजेड लागतो, म्हणून तिच्या घराला खिडक्या गावात सर्वांत जास्त. सरकार खिडक्यांवर कर घेतं म्हणून बाकीच्यांनी आपल्या खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या होत्या. देशभक्तांना दगड मारायला एवढी ऐसपैस जागा दुसरीकडे कुठे मिळणार?

आमचं दोघांचं एक ठरून गेलं होतं. विजयाची बातमी आली की मी तिच्या मापाच्या काचा आधीच कापून ठेवायचो.

"बाई, या खेपेला किती फुटतील?"

"ते मला का विचारतोस? टॉम मेसला विचार. दगड त्याचे."

टॉम मेस म्हणजे आमचा खाटीक. एरवी तिला वाकून नमस्कार करायचा. विजयाच्या दिवशी तेवढा देश आठवायचा.

आता सतराशे सत्त्याण्णव सालाबद्दल सांगतो, कारण असं साल आमच्या देशाने पाहिलं नव्हतं. फेब्रुवारीत फ्रेंच फौज वेल्सच्या किनाऱ्यावर उतरली. आम्हाला गुलाम करायला आली होती. तिथल्या घरांत तिला दारू सापडली, आणि मग म्हणे डोंगरावर लाल शाली पांघरलेल्या बायका दिसल्या, त्यांना ती पलटण समजली आणि शरण गेली. एवढ्या भयंकर शत्रूच्या भीतीने लोक सोनं मागायला बँकेत धावले. बँक म्हणाली, सोनं मिळणार नाही, नोट घ्या. नोटेवर काय लिहिलंय, तर मागाल तेव्हा सोनं देऊ. मग स्पॅनिश आरमार हरल्याची बातमी आली. मेणबत्त्या लागल्या, केझायाबाईच्या काचा फुटल्या, आमच्याकडे मटण शिजलं.

वसंतात आमच्याच आरमाराने बंड केलं. खलाशांचं म्हणणं एवढंच की पगार वाढवा आणि खाण्यात किडे कमी द्या. गावात त्यांना काय काय शिव्या दिल्या! हॅव्हरगेटसाहेब चौकात म्हणाले, "एकेकाला फासावर लटकवा." काहींना लटकवलंही. त्या बंडखोर जहाजांपैकी एकावर केझायाबाईचा मुलगा जोएल होता. तो हौसेने गेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी यार्मथ बंदरात एका कप्तानाचं घड्याळ पोचवायला गेला, आणि आरमाराला माणसं कमी पडत होती म्हणून त्यालाच उचलून नेलं. कप्तानाला घड्याळही मिळालं आणि घड्याळवालाही. मुंगी दिसली तर वळसा घालून जाणारा पोरगा तोफेच्या तोंडाशी नेऊन उभा केला.

उन्हाळ्यात सरकारने घड्याळांवर कर बसवला. ज्याच्याकडे घड्याळ त्याने पैसे भरायचे. झालं, एका रात्रीत गावातल्या कुणाकडेच घड्याळ उरलं नाही. हॅव्हरगेटसाहेबांचं उंच घड्याळ धान्याच्या कोठारात जवाखाली गेलं आणि तिथून तासाचे ठोके देऊ लागलं. सगळं गाव बिअर मिळणाऱ्या खानावळीतल्या एका मोठ्या घड्याळाकडे बघायला जाऊ लागलं, आणि वेळ बघायला गेलेला माणूस लवकर घरी येईना. केझायाबाईच्या दुकानात मात्र चिटपाखरू फिरकेना. ती रोज दुकान उघडायची, न विकली जाणारी घड्याळं पुसायची आणि दुकान बंद करायची.

ऑक्टोबरात आमच्या आरमाराने डच लोकांचा धुव्वा उडवला. तेच आरमार, तेच खलाशी. जूनमधले फाशी द्यायच्या लायकीचे लोक ऑक्टोबरात देशाचे सिंह झाले. हॅव्हरगेटसाहेबांनी रोषणाईसाठी पुढचा सोमवार ठरवला, कारण बिअरची पिंपं सोमवारी येणार होती.

सोमवारी दुपारी मी नेहमीप्रमाणे माप घ्यायला गेलो. बाई दारातच उभी. आत ये म्हणेना. वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं.

"वर कोण आहे, बाई?"

तिने मला आत ओढून दार लावलं. मग म्हणाली, "जोएल."

माझ्या हातातली मापाची काठी पडली. आरमारातून पळालेल्याला काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. नशीब चांगलं असेल तर चाबूक, नाहीतर दोर. पोराच्या दंडाला तोफगोळ्याने उडालेली लाकडाची ढलपी लागली होती. जखमींना यार्मथला उतरवलं, तिथून तो चालत निघाला होता. त्या दिवशी साहेबांची स्वयंसेवक पलटण रस्त्यांवर अशाच पळालेल्यांना शोधत हिंडत होती.

"अहो, मला कशाला सांगितलंत?" मी ओरडलोच, पण हळू आवाजात.

"तू विचारलंस."

"कुणीही विचारलं तर सांगाल?"

"खोटं बोलणार नाही. गप्प बसेन. पण मी गप्प बसले की काय समजायचं ते सगळ्यांना समजेल. म्हणून कुणी विचारायलाच नको, बार्नबी. तुला कळलं ते बरं झालं. गावात खोटं बोलता येणारा माझ्या ओळखीचा तू एकच."

याहून चांगलं प्रशस्तिपत्र मला कुणी दिलेलं नाही.

मग तिने जे विचारलं ते वीस वर्षांत तिच्या तोंडी कधी आलं नव्हतं. "लोक एका खिडकीत मेणबत्त्या किती लावतात?"

तिचा हिशोब सरळ होता. अंधाऱ्या घरापाशी जमाव थांबतो, दगड मारतो, कधी दारही ढकलतो. उजेड असलेल्या घरावरून लोक पुढे जातात. जन्मभर पाळलेला नेम मोडायचा, पण पोरगा वाचेल. मलाही ते पटलं. मीच घरून मेणबत्त्या आणून दिल्या. डॉर्कसला सांगितलं, उंदरांनी खाल्ल्या.

दोन शहाणी माणसं एकत्र आली की एक घोडचूक नक्की होते. आम्ही एवढीच गोष्ट विसरलो की केझाया थर्टलच्या खिडकीतला अंधार ही गावाच्या सवयीची गोष्ट होती. चार दगड मारायचे, दोन शिव्या द्यायच्या आणि बिअर प्यायला जायचं. त्या घराकडे कुणी नीट बघतही नसे.

त्या संध्याकाळी गाव वाजतगाजत आलं, टॉम मेस दगडांची टोपली घेऊन पुढे, आणि क्वेकरणीच्या घराच्या एकूण एक खिडकीत मेणबत्ती! जमाव जागच्या जागी थबकला. ढोल वाजवणाऱ्याचे हात थांबले.

"आयला," टॉम म्हणाला, "हिने लावल्या?"

मग जो जल्लोष झाला तो डचांना ऐकू गेला असेल. टोप्या उडाल्या. बायका रडायला लागल्या. खानावळीतली माणसं पेले सोडून धावत आली, जे पूर्वी कधी घडलं नव्हतं. "थर्टलबाई, बाहेर या! थर्टलबाईंचा जय!" जिच्या काचा वीस वर्षं फोडल्या तिच्यावर गावाचं एकदम प्रेम जडलं. टॉम मेस दगडांची टोपली पाठीमागे लपवत होता. सगळं गाव त्या एका दाराशी उभं, आणि डोक्यावर दहा हातांवर, छपराखालच्या खोलीत, जोएल.

बाई दार उघडून उंबऱ्यात आली. चेहरा चुन्यासारखा. हॅव्हरगेटसाहेब पुढे झाले, तांबडा गणवेश, पोटावर ताणलेली बटणं.

"बाई, आज तुम्ही आम्हा सगळ्यांना जिंकलंत! तुमच्या मुलाच्या पराक्रमाचा हा मान आहे. पोरांनो, झेंडा आणा. यांच्या वरच्या खिडकीतून लावू. मी स्वतः लावतो. जिना कुठे आहे?"

"रॉजर," ती म्हणाली, "वर जाऊ नकोस."

"अहो, संकोच कसला! विजयासाठी एवढ्या मेणबत्त्या लावल्यात—"

"विजयासाठी नाही लावल्या."

तिला कुणी विचारलंही नव्हतं हो! पण तिच्या मेणबत्त्यांचं खोटं कौतुक चाललेलं तिला ऐकवेना. साहेबांनी भुवई वर केली.

"मग कशासाठी?"

ती काही बोलली नाही. त्या शांततेत मला एकेकाच्या डोक्यात विचार शिरताना दिसला. ऑल्डरबीच्या डोक्यांत विचार सहसा शिरत नाही, पण शिरला तर मुक्कामाला राहतो. साहेबांची नजर हळूच वरच्या खिडकीकडे गेली. मी टॉमच्या टोपलीतला एक दगड उचलला आणि बाईच्या दुकानाच्या मोठ्या काचेवर मारला. माझ्याच हाताने, त्याच वर्षी मार्चमध्ये बसवलेली काच होती ती.

"हसतेय ही आपल्याला!" मी बोंब ठोकली. "आपल्या शूर खलाशांची चेष्टा करतेय! ऐकता काय बायल्यांनो!"

टॉम मेसच्या तोंडावर एवढं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. बिचाऱ्याला वाटलं होतं यंदाचा विजय फुकट गेला. दगडांचा पाऊस सुरू झाला. साहेबांची टोपी उडाली आणि ते झेंडा, पराक्रम आणि जिना सगळं विसरून दोन उड्यांत रस्त्यापलीकडे गेले. मेणबत्त्या एकेक करून पडल्या, विझल्या. बाई उंबऱ्यात तशीच उभी होती. एक दगड तिच्या खांद्याला लागला. तो माझा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. घर काळंकुट्ट झाल्यावर गावाला बरं वाटलं आणि ते बिअर प्यायला गेलं.

पुढचं काम सोपं होतं. एवढी मोडतोड झाल्यावर काचवाल्याची गाडी त्या दारात दिवसभर उभी राहणार, यात कुणाला काय वावगं वाटणार? मी मोडक्या चौकटी उतरवून गाडीत भरल्या. मधे पेंढा, पेंढ्यात जोएल, वर आणखी चौकटी. भर दिवसा गावातून निघालो. वेशीवर घोड्यावर बसलेले हॅव्हरगेटसाहेब भेटले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गेज, पहिला दगड तुझा ना? लेका, धंद्याचा धंदा आणि देशसेवेची देशसेवा!" बरोबरची पोरं हसली. मीही हसलो. तेव्हापासून गावात माझं नाव पडलं ते पडलंच, की बार्नबी आधी काच फोडतो आणि मग विकतो. डॉर्कसलासुद्धा तसंच वाटतं. वाटो. लिन बंदरात नॉर्वेचं एक लाकूडवाहू जहाज होतं, त्यावर पोराला चढवून मी परत आलो.

म्हणजे सुटलो, असं मला वाटलं. आठवड्याभराने मी तिच्या खिडकीबाहेर शिडीवर उभा राहून पुट्टी भरत होतो, तेव्हा बैठकीचे दोन वडीलधारे आले. बोलत होता तो एझ्रा विग्स, धान्याचा व्यापारी. वाईट माणूस नाही. वाईट असता तर मला चार शिव्या देता आल्या असत्या.

"केझाया, तू विजयाची रोषणाई केलीस. मंडळींना फार लागलंय."

"मेणबत्त्या लावल्या. रोषणाई केली नाही."

"मग का लावल्यास?"

ती गप्प.

"चूक झाली असं लिहून दे. बैठकीत वाचू आणि विषय मिटवू."

"चूक झाली असं वाटत नाही, एझ्रा. मग लिहू कसं?"

ते गेल्यावर मी खिडकीतूनच डोकं आत घातलं. "अहो, तुमचीच माणसं ना ती? कानात सांगा की खरं काय ते. तुम्हाला डोक्यावर घेतील!"

"आणि उद्या रॉजर हॅव्हरगेटने एझ्राला विचारलं तर? त्यालाही खोटं बोलता येत नाही. पोरापायी तुझ्याही गळ्याला फास लागेल."

बघा म्हणजे. ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा त्यांना सांगायची सोय नाही, आणि सांगायचं कुणाला, तर माझ्यासारख्याला.

कडाक्याच्या थंडीत बैठकीने तिला पंथातून कमी केलं. हे लोक काढून टाकतात तेही प्रेमाने. येऊन बसायला बंदी नाही, फक्त तू आमची नाहीस. वीस वर्षं गावाने दगड मारले तेव्हा ती तरली, कारण गुडघ्याला गुडघा लावून बसणारी तिची माणसं होती. ज्या नेमापायी एवढ्या काचा फुटल्या, तो मोडल्याचा शिक्का तिच्यावर बसला. शिक्का मारणारे तिचेच लोक. त्या दिवशी माझा कुणावर राग निघाला असता ते सांगता येत नाही. बरं झालं, वाटेत टॉम मेस भेटला नाही.

मी तिच्याकडे गेलो. ती दुकानात बसली होती, हात मांडीवर, समोर गिऱ्हाईक नसलेली घड्याळं. मी शेकोटीत लाकूड टाकलं आणि उगाच सरकारला शिव्या दिल्या. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"बार्नबी, गाडीत जोएल काही बोलला का रे?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. रात्र रात्र जागून मी एक सुंदर वाक्य तयार करून ठेवलं होतं. आईला सांग, असं सुरू होणारं. डॉर्कसला म्हणून दाखवता आलं असतं तर ती धाय मोकलून रडली असती. जन्मभर मी काचेच्या जाडीपासून मेणबत्त्यांपर्यंत सगळ्याबद्दल खोटं बोललोय. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून माझी जीभ वळेना.

"नाही हो, बाई," मी म्हणालो. "काही नाही बोलला. घोरत होता. लिनपर्यंत नुसता घोरत होता. वेशीवर साहेब माझ्याशी बोलत होते तेव्हाही. मी जोरजोरात खोकलो म्हणून निभावलं. जहाजावर चढवतानासुद्धा अर्धवट झोपेतच होता."

मला वाटलं, आता ही कोसळणार. ती हसायला लागली. वीस वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळे वाहायला लागले, ते तिने पुसलेही नाहीत.

"घरी होता तेवढ्या रात्री त्याने डोळ्याला डोळा लावला नाही," ती म्हणाली. "उंदीर खुडबुडला तरी उठून बसायचा. मी उशाशी बसून होते, तरी."

आणि मग म्हणाली, "म्हणजे झोप लागली त्याला."